घर खाली करा म्हटलं, म्हणून लगेच निघू नका

गेल्या रविवारी मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातल्या एक विधवा काकू थांबल्या. म्हणाल्या, "सर, मालक म्हणतात महिनाअखेर घर खाली करा. भाडं तर मी एकदाही थकवलं नाही हो!"

आपल्या कंपूचं नावच छावणीवरून आलेलं. पण भाडेकरूनं छावणीसारखं रातोरात उठावं, असा कायदा नाही. मध्य प्रदेशात १९६१ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. सरकारी आणि काही ट्रस्टांची घरं त्यातून सुटतात, तेवढं आधी विचारून घ्यावं. बाकी घरी मालकाला कायद्यातलं कारण सिद्ध करावं लागतं. स्वतःला राहायला घर हवं, हेही कारण आहे. पण ते खरं ठरावं लागतं, आणि हुकूम झाल्यावरही दोन महिने मिळतात. आपण मात्र भाडं थांबवू नये, पावती घ्यावी. समन्स आलं, तर महिन्याच्या आत थकबाकी आणि पुढे दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भाडं भरावं.

मोफत वकिलासाठी गेल्या, तर एका खिडकीवर काकूंना उत्पन्नाचा दाखला मागून दोनदा परत पाठवलं. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात स्त्रियांना उत्पन्नाची अटच नाही! तसा लेखी अर्ज दिला, तेव्हा तो घेतला.

मालकांनाही विनंती: गरज खरी असेल तर मोकळेपणानं सांगा, वेळ द्या. आणि तरुणांनो, अशा काकूंसोबत कचेरीत एकदा तरी जा. एकटीला परत पाठवणं सोपं असतं.