रोज पाच गिऱ्हाइके : छोट्या धंद्याच्या जाहिरातीची पाबंदी

आपल्या बाजारपेठेत जाहिरातीचा मोसम ठरलेला आहे. रमजानचा चाँद दिसायला आठ-दहा दिवस उरले की हँडबिले छापली जातात, चौकात बॅनर लागतात, रिक्षावर कर्णा फिरतो. ईद झाली की सारे शांत! मग वर्षभर दुकानदार गिऱ्हाइकाची वाट पाहतो, मागवाला दलालाची वाट पाहतो आणि कारागीर या दोघांची. मंदी आली की आपण सूताच्या भावाला, विजेच्या बिलाला आणि सरकारला दोष देतो. त्यात तथ्य असतेच. पण गेल्या सहा महिन्यांत आपण होऊन किती गिऱ्हाइकांची विचारपूस केली, हा प्रश्न फार थोडे जण स्वतःला विचारतात.

उर्दूत ‘पाबंदी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक बंदी, दुसरा नियमितपणा. मराठीत आपण पहिलाच अर्थ घेतला. धंद्याला मात्र दुसऱ्याची गरज आहे. जाहिरात म्हणजे वर्षातून एकदा उडवायचा बार नव्हे. दुकानाचे शटर जसे रोज उघडतो तसे ते रोजचे काम आहे. ते थोडे असावे, पण चुकू नये.

एकाच पेढीवरचा धंदा

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या गावांत असे हजारो मागवाले भेटतील की ज्यांचा सगळा माल एकाच पेढीकडे जातो. हे सोयीचे वाटते. विक्रीची दगदग नाही, माल उतरवला की काम संपले. पण ज्याला एकच गिऱ्हाईक आहे त्याला भाव ठरवता येत नाही. पेढीवाला म्हणेल तो भाव आणि देईल तेव्हा पैसा. तीस दिवसांची उधारी साठवर जाते, साठची नव्वदवर. सूत मात्र बहुतेकदा रोखीने किंवा थोड्या मुदतीवर घ्यावे लागते. या दोन मुदतींच्या फटीत छोटा माणूस चिरडला जातो.

कायदा आपल्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार नसल्यास माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत. उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली असून तिला फी नाही. पण एकाच पेढीवर पोट असलेला मागवाला हा कायदा तिच्यासमोर उच्चारण्याची हिंमत करील काय? उद्या माल घेणे बंद झाले तर माग कोणासाठी चालवायचे? म्हणून कायद्याचा कागद हातात असूनही तो दुबळाच राहतो. त्याला बळ येते ते दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिऱ्हाइकामुळे. ही गिऱ्हाइके अडचणीच्या दिवशी शोधून मिळत नाहीत. ती आधीपासून जोडून ठेवावी लागतात.

एक वही, सहा वार

यासाठी पहिली गरज एका जाड वहीची आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक ओळ द्यावी. नाव, गाव, फोन, काय माल नेला, शेवटचा व्यवहार कधी झाला, पैसे वेळेवर आले की नाही आणि पुन्हा कधी बोलायचे. एवढे रकाने पुरेत. जुनी बिलबुके काढून बसलात तर दीडशे-दोनशे नावे सहज निघतील. त्यांतील निम्म्या लोकांशी आपण वर्ष-दोन वर्षे बोललेलोही नसतो.

आता रोज फक्त पाच जणांशी बोलायचे. आठवड्याची सुटी सोडून सहा दिवसांत तीस जण होतात. वहीत १८० नावे असतील तर सहा आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते आणि वर्षातून आठ वेळा आपले नाव त्याच्या कानावर पडते. याला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही. वेळ मात्र ठरलेली असावी. ठोक व्यापाऱ्याला सकाळी अकराच्या आत फोन करावा, कारण नंतर तो गिऱ्हाइकात गुंततो. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, म्हणून तेथील बांधवांनी गुरुवारी संध्याकाळीच आठवड्याची वही तपासून पुढची तीस नावे काढून ठेवावीत.

काय बोलावे?

“माल घ्या, माल घ्या” असे दर वेळी म्हटले तर माणूस फोन उचलणे बंद करतो. रोज सकाळी फुलांची चित्रे पाठवणाराचेही तेच होते. गिऱ्हाइकाच्या कामाची गोष्ट सांगावी. नवीन पन्हा सुरू केला, अमुक रंग तयार आहे, सूत चढले आहे तेव्हा जुन्या भावाचा माल इतकाच शिल्लक आहे. मागच्या मालाबद्दल विचारावे : कापड आटले का, रंग गेला का, गिऱ्हाइकाने काय म्हटले? तक्रार निघाली तर त्याच दिवशी उत्तर द्यावे. तक्रार करणारे गिऱ्हाईक अजून आपले असते. न बोलता गेलेले परत येत नाही.

सॅम्पल कार्डाला आजही तोड नाही. जाड कागदावर कापडाचा तुकडा चिकटवून खाली पन्हा, वजन, सूताचा नंबर आणि रंग पक्का की कच्चा ते स्वच्छ लिहावे. टेरिकॉटला कॉटन म्हणू नये. एकदा एतबार गेला की शंभर फोन करूनही तो परत मिळत नाही.

व्हॉट्सअॅपचे बिझनेस अॅप २०१८ पासून आले आहे आणि छोट्या धंद्याला त्याचा चांगला उपयोग आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. ब्रॉडकास्ट यादीने पाठवलेला निरोप ज्याने आपला नंबर त्याच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच पोहोचतो. तेव्हा बिल देतानाच गिऱ्हाइकाला नंबर जतन करायला सांगावे. कापडाचा फोटो दिवसाच्या उजेडात काढावा. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो आणि मग माल परत येतो. हे काम स्वतःला जमत नसेल तर घरातील शिकलेल्या मुलीकडे किंवा मुलाकडे सोपवावे. त्यांनाही धंद्याची ओळख होते.

चाँदचा हिशेब

आपल्या मोसमाची एक खास अडचण आहे. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. आपल्याकडे रमजान ईद २०२४ साली ११ एप्रिलला होती, २०२५ साली ३१ मार्चला. ज्याने २०२४ मध्ये ईदच्या दोन महिने आधी, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सॅम्पल पाठवले, त्याला २०२५ मध्ये तेच काम जानेवारीअखेर करायचे होते. इंग्रजी तारखेवर विसंबणारा तीन वर्षांत महिनाभर मागे पडतो. म्हणून ही कामे वहीत हिजरी महिन्याने लिहावीत : ठोक व्यापाऱ्याला सॅम्पल रजबच्या अखेरीस, ऑर्डर शाबानच्या पहिल्या आठवड्यात.

दिवाळी अधिक महिन्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच राहते, लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि शाळेच्या गणवेशाचे कापड जूनच्या आधी लागते. हे मोसम जवळजवळ स्थिर आहेत, ईद मात्र त्यांच्यामधून फिरत राहते. २००५ साली दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आल्या होत्या. २०३० साली तर जानेवारीत एक रमजान सुरू होईल आणि डिसेंबरअखेर दुसरा. ज्याची वही आणि कॅलेंडर तयार असेल त्याला अशा वर्षी दुहेरी धंदा मिळेल.

शिंपीकाम करणाऱ्या बांधवांना हे जास्तच लागू आहे. शेवटच्या अशरात दुकानाबाहेर रांग लागते, रात्रीच्या रात्री जागाव्या लागतात, तरी चार जणांचे कपडे राहून जातात आणि तोंड लपवावे लागते. त्याऐवजी जुन्या गिऱ्हाइकांना रजबमध्येच फोन करून “शाबानमध्ये कापड द्या, निवांत शिवून देतो” असे सांगितले तर काम दोन महिन्यांत वाटले जाते. याला नवे गिऱ्हाईक लागत नाही की पैसा लागत नाही.

खर्च आणि उधारी

या कामासाठी एक ठराविक रक्कम बाजूला काढावी. माझ्या अनुभवात शंभर रुपयांच्या विक्रीमागे एक रुपया पुरतो. महिन्याला तीन लाखांची विक्री असेल तर तीन हजारांत सॅम्पल कार्ड, कुरिअर आणि महिन्यातून एक बाजारफेरी भागते. मंदीत हा रुपया सर्वांत आधी कापला जातो. वास्तविक मंदीतच त्याची जास्त गरज असते.

जे गिऱ्हाईक माल नेते पण पैसे देत नाही ते जोडण्यात शहाणपण नाही. म्हणून वहीतील ‘पैसे वेळेवर आले की नाही’ हा रकाना कोरा ठेवू नये. नवीन माणसाला पहिला माल थोडा आणि रोखीने द्यावा. दर तीन महिन्यांनी बसून पाहावे : किती जणांनी सॅम्पल मागितले, किती जणांनी माल नेला, किती जण पुन्हा आले आणि किती जणांनी वेळेवर पैसे दिले. केलेल्या फोनचा आकडा मोजून काही कळत नाही, या चार आकड्यांवरून कळते.

अडचणीच्या दिवशी

आजारपण येते, घरात लग्न निघते, वीज जाते, कामगार येत नाही. त्या दिवशी पाच फोन होणार नाहीत. तेव्हा एकच करावा, पण वही बंद ठेवू नये. पाचाचा नेम चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दहा करण्याचाही आग्रह नको. अशाने चार दिवसांत कंटाळा येतो आणि सारेच सुटते. नेम असा असावा की वाईट दिवशीही पेलवेल.

बंधूंनो, मालात आपला कारागीर कोणापेक्षा कमी नाही. कमी पडतो तो माल दाखवण्यात आणि नाते टिकवण्यात. येत्या शनिवारी जुनी बिलबुके काढा, वहीत नावे उतरवा आणि पहिल्या पाच जणांना फोन करा. वर्षअखेरीस तुमच्या दारात एकाऐवजी चार गिऱ्हाइके उभी असतील, तर भाव सांगताना आवाज खाली घ्यावा लागणार नाही.