स्पीकरचा आवाज: आधी जुळवा, मग जपून ठेवा

भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की बऱ्याच घरांत हा प्रसंग घडतो. टीव्हीवर मराठी मालिका लागते, बाबा म्हणतात, "जरा मोठं कर." तुम्ही आवाज वाढवता. थोड्या वेळात शेजारी भिंतीवर ठोठावतो, आणि बाबांना संवाद तरीही नीट कळत नाहीत. काही दिवसांनी ते सांगणंच सोडून देतात. नुसती चित्रं बघत बसतात.

इथे आवाज कमी पडत नाही, त्याची वाटणी चुकते. वयानुसार कानाची उंच कंप्रता ऐकण्याची ताकद आधी कमी होते. 'पाच' की 'पास' हे ओळखायला लागणारा च-सचा भाग साधारण २००० हर्ट्झच्या वर असतो, तर स्वरांचा जोर त्याच्या बराच खाली. सरसकट आवाज वाढवला की खालचा घुमणारा भागही वाढतो, आणि तोच भिंतीतून शेजाऱ्याकडे सहज पोहोचतो. म्हणून स्पीकरच्या ॲपमध्ये बेस ३-४ डेसिबलने कमी करा, ट्रेबल २-३ने वाढवा. आवाज तेवढाच ठेवून बाबांना विचारा, "आता कळतंय का?"

मात्र ट्रेबल भरमसाट वाढवू नका. ३ डेसिबल वाढ म्हणजे त्या भागासाठी ॲम्प्लिफायरला जवळपास दुप्पट शक्ती लागते, १० डेसिबल म्हणजे दहापट. शिवाय डिजिटल संकेताला कमाल मर्यादा असते. ती ओलांडली की लहरींचे माथे छाटले जातात आणि आवाज फाटतो. म्हणून नको ते कमी करणं हा नेहमीच सुरक्षित मार्ग.

आता गाण्याकडे वळू. डग्गा नको तेवढा घुमतोय? दोष बहुधा खोलीचा आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. खोली साडेतीन मीटर लांब असेल तर ३४३ भागिले ७, म्हणजे ४९ हर्ट्झला ती स्वतःच घुमते, आणि पुढे ९८ हर्ट्झलाही. स्पीकर कोपऱ्यात असेल तर हा घुमार आणखी वाढतो. आधी तो भिंतीपासून फूटभर पुढे ओढा, मगच बेसला हात लावा.

रात्रीचा प्रश्न वेगळा. आवाज लहान केला की कानाला खालचे सूर जास्तच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. म्हणून हळू आवाजात ऐकताना बेस थोडा वाढवलेला बरा वाटतो.

म्हणजे संवाद, गाणं आणि रात्र अशा तीन जुळण्या झाल्या. एकाच जुळणीत तिन्ही बसत नाहीत, म्हणूनच त्या वेगवेगळ्या नावांनी साठवायच्या. 'बाबा' असं नाव दिलंत तर बाबांनाही ती सापडेल.

साठवण कुठे होते हे मात्र तपासा. काही जुळण्या स्पीकरच्या आतल्या, वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतीत राहतात, तर काही फक्त तुमच्या फोनमध्ये. फोनमधली जुळणी त्या फोनवरून वाजवलेल्या आवाजालाच लागू होते. तुम्ही ऑफिसला गेल्यावर बाबांनी टीव्ही लावला तर तिचा उपयोग शून्य. परीक्षा सोपी आहे: जुळणी साठवा, स्पीकरची वायर काढा, मिनिटभराने पुन्हा लावा आणि दुसऱ्या उपकरणावरून ऐका. फरक टिकला असेल तर ती स्पीकरमध्येच आहे.

शेवटी त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. फॅक्टरी रीसेट केलं की सगळे आकडे पुसले जातात, आणि बाबांना पुन्हा "मोठं कर" म्हणावं लागतं. किंवा ते म्हणतच नाहीत.