कॅमेराच नाही, तरी फोटो निघतो : कॉन्फोकल मायक्रोस्कोप

पावसात डोंबिवलीहून ठाण्याला जाताना एसी लोकलच्या काचेतून मुंब्र्याच्या खाडीचा फोटो काढून बघा. फोकस खाडीवर असला तरी काचेवरच्या थेंबांचे धुरकट डाग येतातच. साध्या मायक्रोस्कोपचंही तेच होतं. नमुना जाड असेल तर वरच्या-खालच्या थरांचा प्रकाश मध्ये घुसतो आणि सगळं गिचमिड दिसतं.

कल्याणची माझी एक मैत्रीण पीएचडी करते. तिच्या कॉन्फोकल यंत्रात आपल्या फोनसारखा सेन्सरच नाही, हे ऐकून मी चक्रावलो होतो.

त्यात लेझरचा किरण नमुन्यातल्या एकाच ठिपक्यावर पडतो. पेशींना फ्लुरोसंट डाय लावलेला असतो. ४८८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश पडला की तो हिरवा प्रकाश सोडतो. हा प्रकाश मागे येतो, पण डिटेक्टरच्या आधी एक आडपडदा असतो आणि त्याला बारीकसं छिद्र. फोकसमधल्या ठिपक्याचा प्रकाश नेमका छिद्रावर गोळा होतो आणि पार जातो. इतर थरांतला प्रकाश पडद्यावर पसरतो, त्यामुळे बहुतेक सगळा तिथेच अडतो. सगळी जादू या छिद्राची!

डिटेक्टर फक्त प्रकाश किती आला ते सांगतो. मग दोन हलणारे आरसे किरण पुढच्या ठिपक्यावर नेतात. म्हणजे चक्क दोन फॉर लूप. १०२४ × १०२४ च्या चित्रात १०,४८,५७६ ठिपके. प्रत्येकाला १० मायक्रोसेकंद धरले तर साधारण साडेदहा सेकंद. फोकस थोडा खाली सरकवून असे ३० थर घेतले की थ्रीडी चित्र, पाच मिनिटांहून जास्त. आणि हो, चित्रातला हिरवा रंग सॉफ्टवेअरने भरलेला असतो!

ही कल्पना मार्विन मिन्स्की यांची, पेटंट १९६१ चं. हेच पुढे एआयमधले मोठे नाव. त्यांच्या यंत्रात किरण स्थिर असायचा, नमुनाच हलायचा.

“मग दोन-चारदा स्कॅन कर ना, फोटो आणखी चांगला येईल,” मी तिला म्हटलं. ती हसली नाही. लेझर पडत राहिला की डाय कायमचा विझत जातो. मागे एकदा चांगली जागा शोधण्यातच तिने लेझर बराच वेळ चालू ठेवला, आणि खरा स्कॅन सुरू झाला तेव्हा पेशी जवळजवळ काळ्या पडल्या होत्या. स्लाइड एकच होती, चार महिन्यांच्या कामाची.

आता ती आधी कोपऱ्यातल्या नको असलेल्या पेशींवर, लेझर अगदी कमी ठेवून, सेटिंग लावते. कामाच्या जागेवर स्कॅन एकदाच.