संगणक सुधारण्याचा धंदा

शालान्त परीक्षा संपली कीं, पुढें काय करावें, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांपुढें दरसाल उभा राहतो. कित्येकांच्या घरीं कॉलेजचा खर्च झेपण्यासारखा नसतो. कित्येकांस कॉलेजांत शिकत असतांनाच चार पैसे मिळवून घरास हातभार लावावा लागतो. नोकरीखेरीज उदरनिर्वाहाचा मार्ग नाहीं, ही समजूत आपल्या समाजांत फार खोल रुजली आहे, आणि हाताला तेल व धूळ लागेल असें काम कमी प्रतीचें, अशीहि एक समजूत तिच्या जोडीला आहे. प्रभु येशूनें नासरेथांत सुतारकाम केलें, हें ज्या शाळेंत शिकविलें जातें त्या शाळेच्या विद्यार्थ्यांनीं तरी ही दुसरी समजूत टाकून द्यावी. अल्प भांडवलावर, स्वतःच्या बुद्धीनें व हातानें करतां येण्याजोग्या एका धंद्याची माहिती आम्हीं येथें देण्याचें योजिलें आहे. घरोघरीं व लहान कचेऱ्यांत असलेले, मंद झालेले संगणक तपासणें, जरूर असेल तेवढाच नवा भाग त्यांस जोडणें, आणि त्यांचें काम पुन्हां सुरळीत चालेल असें करून देणें, हा तो धंदा होय.

प्रथम असा धंदा मुळांत शक्य कसा झाला तें पाहूं. १९८१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत आयबीएम या अमेरिकन कंपनीनें आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ विक्रीस आणिला. त्याचे बहुतेक भाग निरनिराळ्या कारखानदारांकडून घेतलेले होते. आंत जादा पट्टिका बसविण्याकरितां मोकळ्या खांचा ठेविल्या होत्या. आणि यंत्राच्या रचनेचें वर्णनहि कंपनीनें छापून प्रसिद्ध केलें होतें. यामुळें एका कंपनीच्या संगणकांत दुसऱ्या कंपनीचा भाग बसविण्याची वाट मोकळी झाली. घड्याळ किंवा शिवणयंत्र दुरुस्त करणारा कारागीर मोडलेला भाग बदलून यंत्र पूर्ववत् करितो. संगणकाचा कारागीर मात्र यंत्रास पूर्वीहून अधिक समर्थ करूं शकतो. हाच या धंद्याचा विशेष आहे.

या संधीचा उपयोग करून घेणाऱ्यांत मायकेल डेल याचें उदाहरण प्रसिद्ध आहे. टेक्सास विश्वविद्यालयाच्या वसतिगृहांत राहत असतां हा तरुण आयबीएमचे साधे संगणक मिळवी, त्यांत जादा रॅम व डिस्क बसवी, आणि ते सुधारलेले संगणक गिऱ्हाइकांस विकी. १९८४ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, त्यानें एक हजार डॉलर भांडवलावर आपली कंपनी नोंदविली. १९८५ त तिनें स्वतःच्या रचनेचा संगणक काढिला. आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें डेल व्हावें, असें आमचें म्हणणें नाहीं. तसें सांगणें फसवणुकीचें होईल. घेण्यासारखा धडा निराळा आहे. गिऱ्हाइकाला नेमकें काय पाहिजे तें त्यानें आधीं विचारिलें, आणि भाग जोडण्याचें काम त्यानंतर केलें.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. संगणक मंद कां होतो? एका स्वयंपाकघराची कल्पना करावी. आचारी म्हणजे प्रोसेसर. ज्यावर तो चिरतो, कालवितो, तो ओटा म्हणजे रॅम. आणि सामान साठविण्याचें कोठार म्हणजे डिस्क. स्वयंपाकाला उशीर होत असेल तर तीन कारणें संभवतात. आचारी हळू असेल, ओटा अपुरा असेल, किंवा कोठार दूर असेल. ओटा अपुरा असतां नवा आचारी ठेवून कांहींएक लाभ होणार नाहीं. तरीहि गिऱ्हाइकांस असेच सल्ले पुष्कळदां मिळतात, व त्यांचे पैसे पाण्यांत जातात.

म्हणून पहिलें काम निदानाचें. विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असतां ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यांत प्रोसेसर, रॅम व डिस्क यांपैकीं प्रत्येकावर शेंकडा किती भार आहे, तें दिसतें. गिऱ्हाईक रोज जें काम करितें तेंच काम त्याच्याकडून आपल्यासमोर करवून घ्यावें व कोणता आंकडा शंभराजवळ जाऊन अडतो तें पाहावें. त्याच ठिकाणीं संगणक सुरू होतांच आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामांची यादीहि असते. पुष्कळदां हे बिनकामाचे प्रोग्राम बंद केल्यानें व व्हायरसची तपासणी केल्यानें निम्मी तक्रार दूर होते, आणि त्यास एकहि नवा भाग लागत नाहीं.

यानंतर यंत्र उघडून पाहावें. आपल्याकडील धुळीनें पंखे व त्यांखालील धातूच्या पात्या बुजून जातात. उष्णता बाहेर पडत नाहीं. आणि प्रोसेसर जळूं नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करितो. मऊ कुंचल्यानें व हवेच्या झोतानें धूळ काढावी, परंतु झोत मारतांना पंखा बोटानें धरून ठेवावा, नाहींतर तो अतिवेगानें फिरून बिघडण्याचा संभव असतो. प्रोसेसर व धातूचा ठोकळा यांमधील थर्मल पेस्ट वाळली असेल तर ती पुसून नवी लावावी. वीज गेली कीं संगणक तारीख-वेळ विसरतो, ही तक्रार असेल तर बहुधा मदरबोर्डावरील तीन व्होल्टचा वाटोळा सेल संपलेला असतो. अशा वेळीं मोठ्या बिघाडाचें नांव सांगून गिऱ्हाइकास घाबरविणारे लोक या धंद्याला बट्टा लावितात.

जुन्या संगणकांत सर्वांत मोठा फरक पडतो तो फिरत्या हार्ड डिस्कच्या जागीं एसएसडी बसविल्यानें. त्याचें गणित सोपें आहे. मिनिटास ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास सुमारें ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती सुईखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा व शिवाय सुईचा दांडा योग्य जागीं जाण्यास वेळ, असे मिळून दहाहून अधिक मिलिसेकंद प्रत्येक खेपेस खर्ची पडतात. एसएसडींत फिरणारा भागच नसतो, आणि तीच माहिती सुमारें एकदशांश मिलिसेकंदांत हातीं येते. म्हणजे शंभर पटींहून अधिक फरक पडतो. संगणक सुरू होतांना अशा हजारों लहान खेपा घालाव्या लागतात, म्हणून हा फरक गिऱ्हाइकास डोळ्यांनीं दिसतो.

रॅम वाढवितांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, तिचा प्रकार. डीडीआर-३, डीडीआर-४ व डीडीआर-५ यांच्या पट्टीवरील खांच निरनिराळ्या जागीं असते, व एका प्रकारची पट्टी दुसऱ्याच्या जागेंत बसत नाहीं. दुसरी, जागा आहे कीं नाहीं. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डालाच डाखलेली असते. तेथें ‘वाढवून देतों’ असें आधीं वचन देऊन बसूं नये. तिसरी, विंडोज कोणतें आहे. घरगुती ३२-बिटी विंडोज ४ जीबीपलीकडील रॅम वापरूं शकत नाहीं. तेथें ८ जीबी बसविणें व्यर्थ होय.

कांहीं संगणकांचा प्रश्न वेगाचा नसून वयाचा असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा सर्वसाधारण आधार बंद केला. विंडोज ११ ला ठराविक नवे प्रोसेसर व टीपीएम २.० नांवाची सुरक्षा-व्यवस्था लागते. त्यामुळें चांगले चालणारे असंख्य संगणक तिच्या बाहेर राहिले आहेत. अशा संगणकांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटु यांसारखी विनामूल्य प्रणाली घालतां येते, आणि पत्रव्यवहार, अभ्यास व इंटरनेट यांस ती पुरेशी होते. परंतु गिऱ्हाइकाचा हिशेबाचा प्रोग्राम, प्रिंटर व मराठी टंकलेखन तिच्यावर चालतें कीं नाहीं, याची खात्री आधीं करून घ्यावी. ज्या यंत्रावर खर्च करणें शहाणपणाचें नाहीं, तेथें तसें स्पष्ट सांगावें. त्या दिवशीची मजुरी बुडेल. परंतु तें गिऱ्हाईक पुढें चार घरीं आपलें नांव सांगेल.

भांडवलाविषयीं थोडें लिहितों. चांगले पेचकस, स्क्रू ठेवण्याची कप्प्यांची डबी, कुंचले, थर्मल पेस्ट, अंगांतील स्थिर वीज जमिनींत जाऊं देणारा मनगटी पट्टा, डिस्क बाहेरून जोडण्याची केबल, दोन-तीन पेनड्राइव्ह आणि गिऱ्हाइकांच्या माहितीची प्रत ठेवण्याकरितां एक मोठी बाह्य डिस्क, एवढ्यावर घरांतील एका टेबलाशीं आरंभ करतां येतो. मनगटी पट्ट्यास क्षुल्लक समजूं नये. आपणांस जाणवतहि नाहीं इतक्या विजेच्या ठिणगीनें रॅमची पट्टी निकामी होऊं शकते. सुट्या भागांचा सांठा मात्र करूं नये, कारण त्यांचे भाव सारखे चढतात व उतरतात. भागाची किंमत गिऱ्हाइकाकडून आगाऊ घ्यावी, व मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून किंवा विश्वासू दुकानांतून पक्क्या पावतीनें तो आणावा. भागाची किंमत व आपली मजुरी हीं बिलांत निरनिराळीं दाखवावीं. समजा, एका कामाची मजुरी ६०० रुपये घेतली व येण्याजाण्यास आणि किरकोळ सामानास १०० रुपये लागले, तर हातीं ५०० राहतात. महिन्यास वीस कामें झालीं तर दहा हजार होतात. त्यांतून हत्यारांची झीज व फुकट करून द्यावीं लागणारीं फेरकामें यांकरितां कांहीं रक्कम दरमहा बाजूस काढून ठेवावी.

सरकारी नियम फारसे जाचक नाहींत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाप्रमाणें थोडे कामगार असलेल्या लहान धंद्यास केवळ सूचना द्यावी लागते. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे. तिच्यासाठीं पैसे मागणाऱ्या दलालाच्या नादीं लागूं नये. २०१५ त सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ वर्गांत ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळूं शकतें. तथापि कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे. पहिलीं कांहीं कामें शेजारीपाजारीं करून पाहिल्यावांचून तें काढूं नये. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आंत असेपर्यंत सेवा देणाऱ्या लहान धंदेवाल्यास सर्वसाधारणपणें जीएसटीची नोंदणी लागत नाहीं.

आतां ज्या गोष्टीवर हा सर्व धंदा उभा आहे, तिच्याकडे येऊं. गिऱ्हाईक आपल्या हातीं यंत्र देतें तेव्हां त्याबरोबर घरच्या मुलाबाळांचीं छायाचित्रें, बँकेचे कागद, एखाद्या वृद्धाचीं पेन्शनचीं पत्रें, एखाद्या विद्यार्थिनीचा वर्षाचा अभ्यास हेंहि देतें. रॅम बिघडली तर नवी मिळते. दिवंगत आईचें एकुलतें एक छायाचित्र पुसलें गेलें तर तें कोणत्याहि बाजारांत मिळत नाहीं. म्हणून क्रम कधींहि मोडूं नये. यंत्र ताब्यांत घेतांना पावती द्यावी. तींत यंत्राचा क्रमांक, सोबतच्या वस्तु व गिऱ्हाइकाची तक्रार लिहावी. मग माहितीची प्रत काढावी, व ती प्रत उघडून खरोखर वाचतां येते कीं नाहीं तें पाहावें. त्यानंतरच ‘फॉरमॅट’ या शब्दाचा उच्चार करावा. कामापुरत्या फाइली सोडून दुसरें कांहीं उघडून पाहूं नये. काम पसंत पडल्यावर आपल्याजवळची प्रत पुसून टाकावी, आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकास परत दाखवावा. तो त्यास नको असेल तर भंगारवाल्याच्या गोणींत न टाकतां अधिकृत ई-कचरा केंद्राकडे पोंचवावा. याविषयींचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले आहेत. माहिती असलेली डिस्क पूर्णपणें पुसल्यावांचून तर कोणाच्याहि हातीं देऊं नये.

मोह येतो तो बहुधा चोरून उतरविलेल्या प्रोग्रामांचा. ‘सगळेच घालून देतात, तूंच कां नाहींस?’ असें गिऱ्हाईकच विचारतें. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या ६३-ब कलमाप्रमाणें अशी नक्कल जाणूनबुजून संगणकावर वापरणें हा गुन्हा असून त्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. शिवाय अशा नकलांबरोबर व्हायरस येतात, आणि ज्या संगणकास आपण बरें करावयास गेलों त्यासच आपल्या हातानें रोग लावून येतों. विनामूल्य व कायदेशीर असे पुष्कळ प्रोग्राम उपलब्ध असतां या मार्गानें जाण्याचें कारण नाहीं. नीतिसूत्रांच्या पुस्तकांत खोट्या तराजूचा जो निषेध आहे, तो धान्याच्या दुकानापुरताच नव्हे. या धंद्यांत तराजू आपल्या जिभेंत आहे; कारण यंत्राच्या आंत काय आहे हें गिऱ्हाइकास दिसत नाहीं, आपण सांगूं तेंच त्यास खरें मानावें लागतें.

ज्यांस या कामाची आवड आहे त्यांनीं येत्या सुट्टींत घरांतील किंवा शाळेंतील एखादा टाकून दिलेला संगणक, वडील माणसांच्या परवानगीनें, वीज काढून उघडावा. प्रत्येक भागाचें नांव व काम वहींत लिहावें. आणि तो पुन्हां जोडून चालू करावा. असे पांच संगणक जोडून झाल्यावर मग पहिलें गिऱ्हाईक घ्यावें. पाटी लावण्याची घाई करूं नये. निदान अचूक, बोलणें सरळ व दुसऱ्याची माहिती जपण्याची संवय असेल, तर टेबल एवढेंसें असलें तरी चालेल.