ग्रेनाशची बाटली आणि खानदेशचा वैशाख

परदेशीं राहणारे मुलगे-पुतणे घरीं येतांना हल्लीं तांबड्या द्राक्षमद्याची एखादी बाटली आणतात. "जितकी जुनी तितकी चांगली" असें सांगून ते परत जातात, आणि नातवाच्या जन्मवर्षाची ती बाटली त्याच्या लग्नांत उघडूं म्हणून जळगांव-धुळ्याकडील कपाटांत पडून राहते. हा बेत कितपत साधेल, तें पाहूं.

जुनेपणाचें माहात्म्य आपणांस नवें नाहीं. नवें मद्य जड, जुनें हलकें व रुचिकर, असें चरकसंहिता सांगते. आसवें जुनीं झालीं कीं गुणवान् होतात, असें शार्ङ्गधरही म्हणतो. पण द्राक्षाची जात पाहिली पाहिजे. फ्रान्सच्या दक्षिणेस ऱ्होन नदीच्या खोऱ्यांत शातोनफ-द्यु-पाप म्हणून गांव आहे. तेथील तांबड्या मद्यांत ग्रेनाश हें द्राक्ष मुख्य. तें उन्हांत पिकतें, साखर भरपूर धरतें, म्हणून मद्यार्क शेंकडा 14-15 पर्यंत जातो. चव भरदार, आरंभीं रासबेरीचा गोडवा, मागून पांढऱ्या मिऱ्याचा व रानवनस्पतींचा वास. परंतु साल पातळ, तुरटपणा बेताचा, आणि हवा लागतांच रंग विटण्याची खोड! म्हणून सिरा (नाशिककडील शिराझ तेंच) व मुर्वेद्र या द्राक्षांची त्यास जोड देतात. अशी उत्तम बाटली 10 ते 20 वर्षें टिकते. गाळ तळीं बसतो, रंग विटकरी होतो, ताज्या फळाच्या जागीं सुक्या अंजिराचा व चामड्याचा वास येतो. साधी बाटली चार-पांच वर्षांतच संपवावी.

मात्र हीं वर्षें 12 ते 15 अंशांच्या तळघरांतलीं आहेत. जळगांवचा पारा मे महिन्यांत 44 च्या पुढें जातो. ऊन ग्रेनाशला वेलीवर मानवतें, बाटलींत नव्हे. उष्णतेनें मद्य फुगून बूच उचलतें, रात्रीं आकसतांना हवा आंत ओढतें, आणि फळाचा वास शिळ्या मुरंब्यासारखा होतो. लोणच्यावर तेलाचा थर तरी असतो. येथें सारी राखण एका बुचाची. धाब्याच्या घराच्या जाड भिंतीही एवढा वैशाख अडवीत नाहींत.

तेव्हां लग्नाची वाट पाहूं नये, असें आमचें मत आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें परवाना हवा, हें ओघानें आलेंच. बाटली आडवी, अंधारांत, शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यांत ठेवावी आणि पहिल्या पौषांतच उघडावी. धुळ्याच्या थंडींत संध्याकाळीं खोलीच 16-18 अंशांवर येते. चव घेण्यास तेवढाच गारवा हवा. पेला पांढऱ्या कापडावर तिरपा धरून कडेचा रंग पाहावा: माणकासारखा असेल तर वेळेवर उघडली.