अळवाची घरातली भावंडं

काही वर्षांपूर्वी मी फिलोडेंड्रॉनचं एक रोप घरी आणलं. गर्द हिरवी, बदामाच्या आकाराची पानं. चिनी मातीच्या देखण्या कुंडीत लावून ते दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलं आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायचा नेम धरला. महिन्याभरात पानं पिवळी पडून माना टाकू लागली. वाटलं, तहान लागली असेल. मी पाणी वाढवलं. आठवड्याभरात देठ हात लावताच बुडातून निसटला. कुंडी उपडी केली, तर मुळं काळी, बुळबुळीत, कुबट वासाची. कुंडीला तळाशी भोकच नव्हतं. झाड तहानेनं मेलं नव्हतं, गुदमरून मेलं होतं.

‘आमच्या हाताला गुण नाही, घरात झाडं जगतच नाहीत,’ असं सांगणारे पुष्कळजण भेटतात. दोष हाताचा नसतो, बहुतेक वेळा जास्तीच्या पाण्याचा असतो. मुळांनाही प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून तो त्यांना मिळतो. त्या पोकळ्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या, की मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून भिजलेल्या मातीतलं झाडही तहानल्यासारखं मलूल दिसतं आणि आपण पुन्हा पाणी घालतो.

मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, डिफेनबेकिया, अॅग्लोनिमा ही सगळी आपल्या अळवाच्या कुळातली. पण परसात न्हाणीच्या पाण्यावर अळू माजतं, म्हणून या भावंडांनाही तसंच ठेवून चालत नाही. मनीप्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोओरेआ बेटाचा, तर मॉन्स्टेरा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांचा. हे वेल मोठ्या झाडांच्या सावलीत खोडांना धरून चढतात. त्यांच्या मुळांना पाऊस खूप मिळतो, पण पालापाचोळ्यातून तो लगेच निथळूनही जातो. भोवती दमट हवा, डोक्यावर गाळलेला उजेड आणि मुळांशी मोकळी माती, एवढंच आपल्याला घरात जमवायचं असतं.

मग पाणी किती दिवसांनी घालायचं? याला वार ठरवू नका. मातीत बोट दोन पेरं आत घाला. ओल लागली तर थांबा. कोरडं लागलं तर तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत सावकाश घाला आणि खालच्या ताटलीत साचलेलं ओतून टाका. त्या पाण्यात डेंग्यूचे डासही वाढतात. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी पाणी मागणारी कुंडी श्रावणात आठ-दहा दिवसही ओली राहते. बाटलीतल्या पाण्यात मनीप्लांट जगतो तो कसा, असं कुणी विचारील. पाण्यातच फुटलेल्या मुळांची घडण पाण्याला सोसणारी असते. ते पाणीही आठवड्याला बदलायला हवं.

नुसती लाल माती कुंडीत घट्ट बसते. तीत नारळाच्या काथ्याचा भुसा, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी जाडी वाळू मिसळली, की पाणी निथळतं.

उजेडाच्या बाबतीत आपले डोळे फसवतात. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. खिडकीपासून चार पावलं आत तो काही शे लक्सवर येतो. आपल्याला मात्र खोली लख्ख वाटते. कोपऱ्यातलं झाड कमी उजेडात कमी अन्न तयार करतं आणि पाणीही कमी पितं. त्यामुळे कुंडी खिडकीजवळ ठेवा, पण दुपारचं ऊन थेट पडू देऊ नका, पानं करपतात. महिन्यातून दोनदा पानं ओल्या फडक्यानं पुसा. धूळ उजेड अडवते.

एक सावधगिरी मात्र जरूर बाळगा. कच्चं अळू घशाला खाजतं ते त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. हे स्फटिक या सर्वच भावंडांत असतात. डिफेनबेकियाचं पान चावलं, तर तोंडाची आग होऊन जीभ सुजते. रांगतं मूल किंवा मांजर-कुत्रं घरात असेल, तर या कुंड्या उंचावरच ठेवा. मुलानं पान चावलंच, तर तोंड पाण्यानं धुऊन त्याला लगेच डॉक्टरांकडे न्या. छाटणीनंतर आपले हातही साबणानं धुवा.

माझ्या खिडकीशी आता दुसरा फिलोडेंड्रॉन आहे. कुंडी साधी, भाजक्या मातीची, तळाला भोक असलेली. रोज सकाळी मी त्याच्याजवळ जातो, मातीत बोट घालतो आणि बहुतेक दिवशी तांब्या तसाच परत ठेवतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)