चौतीस फुटांचा दोर

गुंठा म्हणजे किती, असे विचारले तर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले पोरही “तेहतीस बाय तेहतीस” असे सांगेल. 33 फुटी साखळीचा चौरस, म्हणजे 1089 चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. एवढे पाठ असूनही माणूस कसा फसतो, ते आम्ही अनुभवाने शिकलो.

1997 साली कालव्याखालच्या एका ऊसमळ्यावर बांधणीचे काम गुंठ्याच्या दराने उक्ते दिले होते. मोजणी मुकादमाच्या दोराने होई. बायका म्हणत, “भाऊ, काम सरत नाही अन् गुंठे भरत नाहीत.” आम्ही दोर मोजला. तो 34 फूट भरला. मुकादम म्हणाला, एका फुटाचे काय एवढे? शेकडा तीन! आम्हांसही प्रथम तसेच वाटले. आमची शाळा सातवीतच सुटलेली. रात्री पाटी घेतली. 34 गुणिले 34 म्हणजे 1156. गुंठ्यामागे 67 चौरस फूट फुकट, म्हणजे शेकडा सहा! लांबीतली चूक क्षेत्रात जवळजवळ दुप्पट होते, कारण ती लांबीत शिरते तशी रुंदीतही शिरते. एकराची मजुरी घेणाऱ्या टोळीने सुमारे साडेबेचाळीस गुंठे राबून दिले होते. पुढे लोखंडी टेप आला. मागची बाकी मात्र निम्मीच मिळाली.

दुसरी फसगत कोनाची. चारही बांध 33 फूट असले म्हणून गुंठा होत नाही. खाटेची चौकट तिरपी दाबावी तसा चौकोन दाबला, आणि कोपरा तीस अंशांचा झाला, तर अर्धाच गुंठा उरतो. म्हणून कर्णही मोजावा. कर्णाने शेताचे दोन त्रिकोण होतात. प्रत्येकाचा पाया गुणिले उंची, भागिले दोन. जुने मोजणीदार शंकूने काटकोन साधून हेच करीत.

नकाशावरही तोच नियम. 1 इंचास 20 साखळ्या, म्हणजे 660 फूट, असे प्रमाण असेल तर एक चौरस इंच म्हणजे दहा एकर. अशा नकाशावर पेन्सिलीची रेघ इंचाचा पन्नासावा भाग जाड असली, तरी जमिनीवर ती तेरा फूट रुंद होते. बांधावरून भाऊबंद कोर्टात जातात, ते कित्येकदा तेरा फुटांहून कमी जागेसाठी! झेरॉक्स प्रतीत तर कागदाचे मापच बदललेले असू शकते. तेव्हा पट्टी नकाशावर न टेकवता, भूमि अभिलेख कचेरीतून मूळ मोजणीच्या टिपणाची नक्कल काढावी. तीत बाजूंची मापे आकड्यांत लिहिलेली असतात.